तानपुऱ्याच्या कसोटीवर रेकॉर्ड, सीडी आणि मोबाईलमधले गाणे

रेकॉर्ड चांगली की सीडी, आणि मोबाईलवर सगळेच मिळत असताना या दोन्हींची गरज काय, हा वाद कोल्हापुरात गाणे ऐकणाऱ्या मंडळींत अजून रंगतो. वाद घालणारे बहुधा परदेशी वाद्यवृंदांची आणि रॉक संगीताची उदाहरणे देतात, कारण या विषयावरचे बहुतेक लेखन तेच संगीत समोर ठेवून झालेले आहे. आपल्या ख्यालगायनाला ती उदाहरणे पुरत नाहीत. ख्यालात पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत मागे तानपुरा वाजत असतो, आणि ध्वनिमुद्रणाचे कोणतेही माध्यम तपासायचे असेल तर त्याच्याइतका कठोर परीक्षक दुसरा नाही, असे माझे मत आहे. इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मैफली ऐकून तयार झालेला कान असो, वा शेजारच्या मिरजेत कारागिराने जवारी (तारांचा झंकार) काढताना जवळ बसून ऐकलेला तानपुरा असो, या भागातल्या श्रोत्याला षड्ज, म्हणजे सा, हलला की अस्वस्थ वाटते. म्हणून मी या तिन्ही माध्यमांकडे त्याच बाजूने पाहतो.

आधी रेकॉर्डच्या बाबतीतली अडचण सांगतो, कारण रेकॉर्डप्रेमी ती सहसा बोलून दाखवत नाहीत. एलपी, म्हणजे दीर्घकाळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. तबकडीचे मधले भोक बरोबर केंद्रात पडलेले नसेल, तर सुई प्रत्येक फेऱ्यात थोडी आत आणि थोडी बाहेर सरकते, आणि खाचेचा वेग त्याच प्रमाणात कमीजास्त होतो. केंद्र अर्धा मिलिमीटर जरी चुकले, तरी १० सेंटिमीटर त्रिज्येवर स्वर अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोन या लगतच्या पट्ट्यांतले अंतर सुमारे सहा टक्क्यांचे असते हे लक्षात घेतले, तर ही हालचाल अर्ध्या स्वराच्या बाराव्या भागाइतकी होते. ढोल-ताशांच्या किंवा बँडच्या गाण्यात ती कोणाला जाणवणार नाही. तानपुऱ्यात मात्र ती लपत नाही, दर १.८ सेकंदांनी षड्ज किंचित झुलतो, आणि एकदा तो झोका कानाला सापडला की उरलेला राग ऐकताना मन तिथेच अडकून राहते. माझ्या संग्रहातल्या काही सुंदर रेकॉर्डींना हा दोष आहे, आणि तो छपाईच्या वेळचा असल्यामुळे सहसा टर्नटेबल बदलून जात नाही.

सीडीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथेही तबकडी फिरतेच, तिचा वेगही बदलत असतो, परंतु लेझरने वाचलेली माहिती आधी एका साठ्यात जमा होते आणि तिथून क्वार्ट्‌झच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडते. त्यामुळे तानपुरा जसा मुद्रित झाला तसाच, अगदी अचल, ऐकू येतो. ओरखडे पडले तरी सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा माहितीचा खंड सीडीतली दुरुस्तीची योजना संपूर्णपणे भरून काढू शकते. १९८२ साली जपानमध्ये पहिले सीडी प्लेअर विक्रीला आले, तेव्हा सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेले हे तंत्र आजही निर्दोष काम देते, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

रेकॉर्डची दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि ती ख्यालाच्या रचनेशी थेट भिडते. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते. लेबलाजवळ, सुमारे ६ सेंटिमीटर त्रिज्येवर, हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. फेऱ्याचा वेळ तोच, पण परीघ लहान. त्यामुळे आतल्या खाचांत तेवढाच ध्वनी कमी जागेत दाटीने कोरावा लागतो. बारीक वळणे सुईला नीट पेलत नाहीत आणि उंच स्वर फाटल्यासारखे होतात. आता एखादा राग डोळ्यांसमोर आणावा. आलापी सावकाश, खालच्या आणि मधल्या सप्तकात, मोकळ्या आवाजात सुरू होते. शेवटी द्रुत बंदिश, चढलेली लय, तार सप्तकातल्या ताना. म्हणजे जिथे रेकॉर्डची क्षमता सर्वांत जास्त, तिथे गाणे सर्वांत शांत असते, आणि जिथे गाणे सर्वांत कसदार व वेगवान होते, तिथे रेकॉर्ड थकलेली असते. त्यातच आपल्याकडच्या जुन्या घरगुती रेकॉर्ड प्लेअरांची सुई जड असे. हलक्या कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) भार आज दीड-दोन ग्रॅम असतो, तेव्हा तो त्याच्या कितीतरी पट असायचा. अशा सुईने वर्षानुवर्षे वाजवलेल्या एलपीच्या शेवटच्या ताना कायमच्या झिजलेल्या असतात. लक्ष्मीपुरीत जुन्या सामानात एखादी रेकॉर्ड सापडली, तर मी तिची आतली दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी आधी उजेडात धरून पाहतो. तिथे राखाडी झाक दिसली तर ती रेकॉर्ड केवळ कव्हरसाठी घ्यायची.

डिजिटल ध्वनीबद्दलचा एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे पडतात, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, पायऱ्यापायऱ्यांनी ऐकू येते, असे अनेक जाणते लोकही सांगतात. ते खरे नाही. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, आणि माणसाचा कान जास्तीत जास्त २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो. ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले, तर मूळ लहर त्यांतून पूर्णपणे, अखंड परत उभी करता येते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. दोन नमुन्यांच्या मधली मींड हरवत नाही. बाहेर येणारा ध्वनी पुन्हा सलग वक्रच असतो. शांत आणि मोठ्या आवाजातले जे अंतर १६ बिटांची सीडी दाखवू शकते, ते सुमारे ९६ डेसिबलचे आहे. चांगल्या एलपीलाही ७० च्या पुढे जाणे अवघड पडते. मापांच्या हिशेबाने सीडी निर्विवादपणे पुढे आहे, आणि हे मी रेकॉर्डींवर प्रेम करणारा माणूस म्हणून लिहितो आहे.

मग तोच राग रेकॉर्डवर अधिक जिवंत वाटतो, हा अनेकांचा अनुभव खोटा मानायचा काय? मुळीच नाही. मलाही तो अनेकदा आला आहे. फक्त त्याचे श्रेय प्लास्टिकच्या तबकडीला द्यायचे की त्या तबकडीसाठी ध्वनिमुद्रणाची मूळ चुंबकीय फीत हाताळणाऱ्या माणसाला, हे पाहिले पाहिजे. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गायनाची एक एलपी आणि तिच्यावरून पुढे निघालेली एक सीडी माझ्याकडे आहे. एलपीवर थोडी खरखर आहे, पण तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ओळखू येतात. सीडीवर शांतता आहे आणि तानपुरा जवळजवळ नाहीसा झाला आहे. बुवांचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येतो. कारण उघड आहे. तानपुऱ्याची जवारी म्हणजे उंच, क्षीण आणि सतत चालणाऱ्या स्वरांशांचा पट्टा. फितीचा सूंऽऽ असा आवाजही उंच, क्षीण आणि सतत चालणारा असतो. खरखर काढणाऱ्या यंत्रणेला या दोहोंतला फरक कळत नाही. तिला जोर दिला की ती दोन्ही पुसून टाकते, आणि त्याबरोबर श्वासाची चाहूल आणि ‘आ’काराची धारही जाते. सीडीने हे केले नाही. सीडीवर काय घालायचे हे ज्याने ठरवले त्याने केले.

पाश्चात्त्य आणि चित्रपट संगीतात दुखणे वेगळे होते. १९९० च्या दशकापासून गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाजावे म्हणून हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर दाबून टाकण्याची चढाओढ लागली. एलपीच्या खाचेला जागेची मर्यादा असल्यामुळे तिथे असा अतिरेक सहजासहजी करता येत नाही, आणि म्हणून त्या काळातल्या काही गाण्यांची रेकॉर्ड सीडीपेक्षा खरोखरच सुसह्य असते. ही मर्यादेने केलेली मदत आहे.

या संदर्भात २०२२ साली अमेरिकेत घडलेला एक प्रकार उद्बोधक आहे. मूळ फितीवरून थेट, कोणतीही डिजिटल पायरी न येऊ देता रेकॉर्डी काढणारी म्हणून जाणकारांत नाव असलेल्या एका कंपनीच्या अनेक रेकॉर्डींमध्ये उच्च प्रतीची डिजिटल पायरी वर्षानुवर्षे वापरली जात होती, हे त्या वर्षी उघड झाले. ग्राहक चिडले ते योग्यच, कारण त्यांच्यापासून गोष्ट लपवली होती. पण त्याच रेकॉर्डींची तोपर्यंत ‘खरा अॅनलॉग आवाज’ म्हणून वाखाणणी झाली होती, आणि ऐकून जवळजवळ कोणालाच ती पायरी ओळखता आली नव्हती. ज्यांना आज दोन-तीन हजार रुपये देऊन नवी रेकॉर्ड घ्यायची आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत त्याच २०२२ साली विकल्या गेलेल्या रेकॉर्डींची संख्या १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा जास्त भरली. ही नवी लाट येथेही पोहोचली आहे, आणि नव्या रेकॉर्डींपैकी पुष्कळ डिजिटल मूळावरूनच कोरल्या जातात. त्यात वाईट काही नाही. फक्त कव्हरवर मूळ कोणते ते लिहिलेले असावे.

आता कोल्हापूरच्या दृष्टीने जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याकडे येतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने थोर गवई अल्लादिया खाँसाहेब या गावात राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीचे हे एक माहेर झाले. १९२२ साली महाराज गेले, पुढे खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ साली त्यांचे निधन झाले. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ सालीच सुरू झालेले होते. कलकत्त्याला गौहरजान यांनी गायलेल्या तबकड्या जर्मनीत छापून येत होत्या. म्हणजे चार दशकांहून अधिक काळ यंत्र उपलब्ध असूनही खाँसाहेबांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. जे कानावर येते ते शिष्यांच्या गळ्यातून: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि मंजी खाँ व भुर्जी खाँ या त्यांच्या दोन मुलांकडे शिकलेले मन्सूर. त्यातही केसरबाईंच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटेच मावत. ज्या गायकीचा सगळा प्राण एकामागून एक पेचदार स्वरवाक्ये सावकाश उलगडण्यात आहे, तिला एवढ्या वेळेत बसवायचे म्हणजे आलापी जवळजवळ सोडून द्यावी लागते. तरीही त्या तीन मिनिटांत रागाचे रूप पुरते उभे राहते, आणि अशी एकाग्र मांडणी मोकळ्या वेळेच्या मुद्रणात मला क्वचितच भेटते. भैरवीतले केसरबाईंचे असेच छोटे मुद्रण १९७७ साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर घातले गेले. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे, आणि वाजवण्यासाठी सुईही सोबत दिलेली आहे.

पुढे एलपीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली, सीडीने सलग ७४ मिनिटे दिली, आणि डिजिटल फायलीला वेळेचे बंधनच उरले नाही. विलंबित ख्याल मध्येच उठून तबकडी न उलटता ऐकता येतो, ही ख्यालाच्या श्रोत्यासाठी सीडीची सर्वांत मोठी देणगी आहे. खाजगी बैठकींत स्पूलवर (फितीच्या रिळावर) मुद्रित झालेल्या दोन-दोन तासांच्या मैफली आज फायलींच्या रूपाने हातोहात फिरतात. त्यांतली कित्येक गायने व्यापारी रेकॉर्डींपेक्षा श्रेष्ठ आहेत, कारण गायकासमोर घड्याळ नव्हते आणि दाद देणारे श्रोते होते.

मात्र या फायली आणि मोबाईलवरून गाणे ऐकवणाऱ्या सेवा यांच्याविषयी माझी तक्रार आहे, आणि ती आवाजाबद्दलची फार थोडी आहे. सुरुवातीच्या १२८ किलोबिटच्या एमपीथ्री फायली वाईट होत्या. सीडीत सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते, तिचा अकरावा हिस्सा ठेवून बाकीची ‘कानाला कळणार नाही’ म्हणून टाकून दिलेली असे, आणि जवारीची झळाळी त्यात पहिल्यांदा जाई. आता फ्लॅकसारख्या प्रकारांत काहीही न टाकता फाईल ठेवता येते आणि चांगल्या सेवाही तशीच देतात. तक्रार आहे ती गाण्याभोवतीच्या माहितीची. एलपीच्या पाठीवर राग, ताल, बंदिशीचे शब्द, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, पेटीवर कोण, सगळे छापलेले असे. अनेकदा रागाच्या चलनावर जाणकाराने लिहिलेला परिच्छेदही असे. मोबाईलवर तेच गायन शोधले, तर गायकाचे नाव आणि बंदिशीचा अर्धा, बहुधा चुकीचा लिहिलेला मुखडा एवढेच दिसते. साथीदार नाहीत, साल नाही, रागाचे नाव असलेच तर खात्रीचे नाही. विलंबित आणि द्रुत ही एकाच रागाची दोन अंगे दोन स्वतंत्र गाणी म्हणून नोंदवलेली असतात, त्यामुळे कधी द्रुत आधी लागते, आणि क्रम बरोबर असला तरी दोहोंच्या मध्ये क्षणभर तानपुरा तुटतो. तो अर्धा सेकंद मला रेकॉर्डच्या शंभर खरखरींपेक्षा जास्त बोचतो. शिवाय हक्कांचे करार बदलले की काल ऐकलेले गायन आज यादीतून गेलेले असते.

टिकाऊपणाच्या बाबतीत आपल्या गावचा पाऊस तिन्ही माध्यमांची परीक्षा घेतो. जूनपासून चार महिने भिंतींना ओल असते. रेकॉर्डींच्या कव्हरांवर बुरशी येते, आणि कव्हराआड खाचांतही पांढरे ठिपके धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या खालच्या भागात शिरले, तेव्हा ओळखीच्या एका घरातला सगळा संग्रह पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर एलपी स्वच्छ पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, उभ्या ठेवून वाळवल्या, आणि त्या वाजल्या. कव्हरे मात्र लगदा झाली. छापील सीडीही बहुतेक बचावल्या. घरी लिहिलेल्या सीडी, ज्यांच्यावर मैफली उतरवलेल्या होत्या, त्या गेल्या. खालच्या कप्प्यातली हार्ड डिस्कही गेली. म्हणजे ज्या मुद्रणांची दुसरी प्रत जगात कुठे नव्हती, नेमकी तीच सर्वांत नाजूक माध्यमावर होती.

कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजूनही ७८ च्या तबकड्या पडून आहेत याची मला खात्री आहे, म्हणून त्या हाताळणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहितो. या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव्य लावू नये; लाख त्यात विरघळते आणि खाच कायमची जाते. कोमट नव्हे, साध्या पाण्याने ओलसर केलेले मऊ कापड खाचेच्या दिशेने फिरवावे, लेबल कोरडे ठेवावे, आणि तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. एलपीच्या सुईने त्या कधीही वाजवू नयेत. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ ते २५ मायक्रॉन असते आणि ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन घासत बसते. त्यांना ६५ ते ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते.

फायलीत उतरवताना वेगाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. त्या काळी ७८ हा आकडा सर्वत्र काटेकोरपणे पाळला जात नव्हता. काही तबकड्या ७५ च्या आसपास तर काही ८० च्या पुढे मुद्रित झालेल्या आहेत. सहा टक्क्यांची चूक झाली की गायकाची पट्टी अर्ध्या स्वराने बदलते, तान अनैसर्गिक वेगाची होते आणि आवाजाचा पोतही बदलतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या पुष्कळ प्रतींत ही चूक आहे, आणि नवे विद्यार्थी त्या ऐकून अमुक बाई इतक्या उंच पट्टीत गात असत अशी समजूत करून घेतात. त्याच गायिकेच्या इतर तबकड्या, पेटीचा स्वर आणि शब्दांचा स्वाभाविक उच्चार यांवरून वेग ठरवावा, आणि तो किती ठेवला हे लिहून ठेवावे. पहिली प्रत खरखरीसकट, काहीही न गाळता, २४ बिट आणि ९६,००० नमुन्यांवर घ्यावी. साफसफाई करायची असेल तर ती दुसऱ्या प्रतीवर करावी. लेबलावरचा क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या मोकळ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स (छपाईच्या साच्याचा) क्रमांक फायलीच्या नावातच घालावा, कारण एकाच बंदिशीची दोन वेगळी मुद्रणे ओळखण्याचा तोच सर्वांत भरवशाचा मार्ग असतो. फाईल तयार झाली म्हणून तबकडी भंगारात देऊ नये. फायलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि त्यांतले एक घर पूररेषेच्या वर असावे.